वाचकांचे प्रश्न : मराठीत एक, इंग्रजीत दोन

या वेळच्या पत्रांमध्ये इंग्रजी शब्दांच्या जोड्यांविषयीचे प्रश्न अधिक होते. बहुतेक पत्रांतील अडचण एकच आहे : इंग्रजी-मराठी कोश उघडला की दोन्ही शब्दांपुढे तोच मराठी अर्थ दिलेला असतो आणि मग दोन शब्द कशासाठी, हे कळेनासे होते. माझा अनुभव असा आहे की कोशात न सापडणारा हा फरक पुष्कळदा मराठीतही असतो. मात्र तो वेगळ्या शब्दात नसून क्रियापदाच्या रूपात, विभक्तीत किंवा एखाद्या अव्ययात असतो. म्हणून पुढील उत्तरांत जिथे शक्य झाले तिथे मी फरकाचा माग मराठीतूनच काढला आहे.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवते. 'हिअर' आणि 'लिसन' या दोन्हींचा अर्थ मी मुलांना 'ऐकणे' असाच सांगते, कारण कोशातही तोच आहे. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांच्याबाबतही हीच अडचण येते. 'हिअर म्हणजे सहज ऐकणे आणि लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणे' हे स्पष्टीकरण मुले पाठ करतात, पण वाक्ये चुकवतात. काय करावे?

उत्तर : आपले स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण मुलांच्या हाती त्याहून पक्के साधन आधीच आहे आणि ते त्यांच्या मातृभाषेत आहे. मराठी मूल 'मला आवाज ऐकू आला' आणि 'मी गाणे ऐकले' या दोन वाक्यांत कधीही गल्लत करत नाही. पहिल्या वाक्यात आवाज आपण होऊन कानावर आला. ऐकणाऱ्याने त्यासाठी काही केले नाही, म्हणून मराठीने त्याला कर्त्याच्या आसनावर न बसवता 'मला' असे म्हटले. दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याने स्वतः काही केले आहे. 'हिअर' म्हणजे 'ऐकू येणे' आणि 'लिसन' म्हणजे 'ऐकणे'. त्याच न्यायाने 'सी' म्हणजे 'दिसणे' आणि 'लुक ॲट' म्हणजे 'पाहणे'. 'आय लिसन्ड, बट आय हर्ड नथिंग' हे वाक्य 'मी कान देऊन ऐकले, पण मला काहीच ऐकू आले नाही' असे मराठीत आणले की वेगळे स्पष्टीकरण लागतच नाही. खरी अडचण अशी आहे की इंग्रजीत दोन्हीकडे 'आय' हाच कर्ता असतो. मराठीने 'मला' आणि 'मी' यांतून जे सांगितले ते इंग्रजीला निराळ्या क्रियापदातून सांगावे लागते, आणि कोशकार मात्र दोन्ही ठिकाणी 'ऐकणे' लिहून मोकळा होतो.

हे एकदा लक्षात आले की पुढच्या दोन-तीन चुका आपोआप कमी होतात. पहिली चूक अपूर्ण काळाची. मराठीत 'मला तुमचा आवाज ऐकू येत आहे' हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे, त्यामुळे विद्यार्थी 'आय ॲम हिअरिंग युअर व्हॉइस' असे लिहितो. इंग्रजीत, जे आपोआप घडते त्याला सहसा हे रूप लावत नाहीत; तिथे 'आय कॅन हिअर यू', 'आय कॅन सी द हिल' असे 'कॅन' घालून बोलतात, आणि हा 'कॅन' शक्तीचा नसून 'येत आहे', 'दिसत आहे' याच अर्थाचा असतो. 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो' हे वाक्य बरोबर आहे, पण तिथे 'सी' म्हणजे दिसणे नव्हे, भेटणे. दुसरी चूक 'टू' गाळण्याची : 'लिसन द टीचर' होत नाही, 'लिसन टू द टीचर' असेच हवे. 'तो माझे ऐकत नाही' या वाक्यातील आज्ञा पाळण्याचा अर्थही 'लिसन टू' मध्ये आहे, त्यामुळे तिथे मराठी आणि इंग्रजी सुखाने बरोबर चालतात. 'हिअर'ला मात्र दोन निराळ्या वाटा आहेत : 'असे कानावर आले' या अर्थी 'आय हर्ड दॅट', आणि न्यायालयाने खटला ऐकणे, ज्यातून 'हिअरिंग' म्हणजे सुनावणी हा शब्द आला. न्यायाधीश लक्ष देऊन ऐकतात, तरी तिथे 'लिसन' येत नाही. हा अपवाद वर्गात सांगून टाकावा.

'वॉच' राहिला. ज्यात काही घडते आहे, बदलते आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, ते काही काळ पाहत राहणे म्हणजे 'वॉच'. चित्राकडे 'लुक' करतात, सामना 'वॉच' करतात. एक सापळा मात्र मराठीचाच आहे : 'ती दमलेली दिसते' यातील 'दिसणे' हे 'सी' नव्हे, 'लुक' आहे, 'शी लुक्स टायर्ड'. आपले 'दिसणे' दृष्टीस पडणे आणि भासणे अशी दोन्ही कामे करते, तर इंग्रजीतील 'लुक' पाहणे आणि भासणे अशी दोन कामे करतो. इथे मुलांची चूक झाली तर ती समजून घेण्यासारखी आहे.

प्रश्न : 'इन्व्हेन्ट' आणि 'डिस्कव्हर' या दोहोंसाठी मराठीत 'शोध लावणे' हाच शब्दप्रयोग का आहे? आपल्या भाषेत हा भेदच नाही का? हिंदीत तर 'आविष्कार' आणि 'खोज' असे दोन शब्द आहेत.

उत्तर : जे आधीपासून होते पण कोणाला ठाऊक नव्हते ते उघड करणे म्हणजे 'डिस्कव्हर', आणि जे नव्हतेच ते बुद्धीने घडवणे म्हणजे 'इन्व्हेन्ट'. विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस 'डिस्कव्हर' केला. तो ग्रह त्यांच्या आधीही सूर्याभोवती फिरतच होता. ज्या प्रकारच्या साधनाने तो दिसला ती दुर्बीण मात्र कोणीतरी 'इन्व्हेन्ट' केलेली वस्तू आहे. तिच्या हक्कासाठी हान्स लिपरहे या चष्मे बनवणाऱ्या कारागिराने १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये अर्ज केला होता. विल्हेल्म रॉन्टगेन यांना १८९५ मध्ये जे क्षकिरण आढळले ते 'डिस्कव्हरी', आणि त्या किरणांनी हाडांचे चित्र काढणारे यंत्र ही 'इन्व्हेन्शन'. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले ते दुसऱ्या प्रकारचे काम होते.

मराठीत भेदच नाही, हे मात्र मला मान्य नाही. 'क्षकिरणांचा शोध रॉन्टगेन यांना लागला' हे वाक्य म्हणून पाहा. ते कानाला खटकत नाही. आता 'टेलिफोनचा शोध बेल यांना लागला' असे म्हणून पाहा. टेलिफोन कुठे तरी पडून राहिला होता आणि तो बेल यांच्या हाती लागला, असा विचित्र भास होतो. 'लागणे' आणि 'लावणे' यांत हा भेद दडलेला आहे. 'लावणे' दोन्हीकडे चालते, 'लागणे' फक्त 'डिस्कव्हर'च्या बाजूला चालते. म्हणून शंका आली की वाक्यात 'लागला' घालून पाहावे. वाक्य तोलून उभे राहिले तर 'डिस्कव्हर', नाही तर 'इन्व्हेन्ट'. 'लागणे' म्हणजे निव्वळ योगायोग, असे मात्र समजू नये. हर्शेल यांना युरेनस प्रथम धूमकेतू वाटला होता, तो त्यांच्या शोधाचा विषय नव्हता, हे खरे. पण नेपच्यून १८४६ मध्ये सापडला तो गणिताने आधी जागा सांगितल्यानंतर. तरीही त्याचा शोध 'लागला' असेच आपण म्हणतो, कारण ग्रह होताच.

हिंदीतील 'आविष्कार' शब्द इन्व्हेन्शनसाठी मराठीत आणावा असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. मराठीत 'आविष्कार' म्हणजे प्रकटीकरण, आणि 'कलाविष्कार' हा शब्द चांगला रुजलेला आहे. त्याच्यावर दुसरा अर्थ लादल्यास एक स्पष्ट शब्द आपण गढूळ करू. फरक दाखवणे आवश्यकच असेल तर 'नवनिर्मिती' किंवा सरळ 'यंत्र तयार केले' असे लिहावे.

गंमत अशी की इंग्रजीतही हा भेद पूर्वी इतका स्वच्छ नव्हता. 'इन्व्हेन्ट'चे मूळ लॅटिन क्रियापद 'एखाद्या गोष्टीपाशी येणे, ती सापडणे' या अर्थाचे आहे, आणि ख्रिस्ती परंपरेतील क्रूस सापडल्याच्या सणाच्या जुन्या इंग्रजी नावात 'इन्व्हेन्शन' हाच शब्द आहे. 'डिस्कव्हर' म्हणजे शब्दशः आच्छादन दूर करणे. दोन शब्द एकाच अर्थाच्या जवळ येऊन राहिले की बोलणारे हळूहळू त्यांची कामे वाटून देतात. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये या प्रवृत्तीला वाटणीचा नियम असे नाव दिले. या वाटणीमुळेच 'गणित हे इन्व्हेन्ट केलेले आहे की डिस्कव्हर केलेले' हा तत्त्वज्ञानातील मोठा प्रश्न इंग्रजीत दोन शब्दांत विचारता येतो. मराठीत तो विचारायचा तर 'गणिताचे नियम माणसाला सापडले की माणसाने रचले' असे म्हणावे लागेल, आणि माझ्या मते ते अधिक स्पष्ट आहे.

प्रश्न : 'लाय' आणि 'ले' यांत माझा नेहमी गोंधळ होतो. 'ले' हे 'लाय'चे भूतकाळी रूप आहे की स्वतंत्र क्रियापद?

उत्तर : दोन्ही, आणि गोंधळाचे कारण तेच आहे. 'लाय' म्हणजे पडून असणे, आडवे होणे. त्याची रूपे 'लाय, ले, लेन'. 'ले' म्हणजे ठेवणे, आडवे करणे. त्याची रूपे 'ले, लेड, लेड'. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ अक्षरशः एकच आहे. त्यात खोटे बोलणे या अर्थाचा तिसरा 'लाय' मिसळतो, त्याची रूपे मात्र नियमित आहेत : 'लाय, लाइड, लाइड'. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या बोलण्यातही 'आय ॲम गोइंग टू ले डाउन' हे सर्रास ऐकू येते; औपचारिक लेखनात ते अजून चूकच मानले जाते.

हा संबंध मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. 'पडणे' आणि 'पाडणे', 'मरणे' आणि 'मारणे', 'गळणे' आणि 'गाळणे' यांत काय घडते? आतला स्वर बदलतो आणि आपोआप होणारी क्रिया दुसऱ्याने घडवलेली क्रिया बनते. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही क्रियापदाचे असे प्रयोजक रूप होत असे आणि त्यातही स्वर बदले. त्याचे अवशेष आज काही जोड्यांत उरले आहेत : 'सिट' बसणे, 'सेट' बसवणे, 'राइज' वर येणे, 'रेझ' वर करणे, 'लाय' पडून असणे, 'ले' ठेवणे. 'फॉल' आणि 'फेल' ही जोडी तर आपल्या 'पडणे-पाडणे'शी तंतोतंत जुळते, कारण झाड आपोआप पडले तर 'फॉल' आणि तोडून पाडले तर 'फेल'. मराठीत ही व्यवस्था आजही चालती आहे, इंग्रजीत ती मोडून पडली आणि चार-सहा शब्द मागे राहिले. म्हणून इंग्रजी भाषकाला जे पाठ करावे लागते ते आपल्याला नुसते ओळखावे लागते. कर्म विचारून पाहा : काय ठेवले, काय घातले? उत्तर मिळाले तर 'ले'. कोंबडी अंडी 'ले' करते. पुस्तक टेबलावर 'लाय' करते.

प्रश्न : 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत एका 'अ'ने अर्थ उलटा कसा होतो?

उत्तर : उलटा होत नाही, संख्या तीच राहते, बोलणाऱ्याची नजर बदलते. सभेला पाच माणसे आली. 'अ फ्यू पीपल केम' म्हणणारा आलेल्या पाचांकडे पाहतो आहे : काही लोक आले. 'फ्यू पीपल केम' म्हणणारा न आलेल्यांकडे पाहतो आहे : थोडेच लोक आले. मराठीत हे काम 'च' करतो. 'थोडे पाणी आहे' म्हटले की प्यायला मिळेल असे वाटते, 'थोडेच पाणी आहे' म्हटले की जपून वापरावे असे वाटते. म्हणजे इंग्रजीत जिथे 'अ' नाही तिथे मराठीत 'च' येतो. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचा हिशेब हाच आहे, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी. रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टरांनी 'देअर इज अ लिटल होप' म्हटले तर थोडी आशा आहे आणि 'देअर इज लिटल होप' म्हटले तर फारशी आशा नाही. एवढ्या मोठ्या फरकाचा भार त्या एका अक्षरावर असतो.

अनुवाद करणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की नुसता 'फ्यू' आला की मराठीत नकाराची छटा यायलाच हवी. 'फ्यू नो धिस' याचे भाषांतर 'काही लोकांना हे ठाऊक आहे' असे छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. ते 'हे फार थोड्यांना ठाऊक आहे' असे हवे. आणखी एक गोष्ट. 'क्वाइट अ फ्यू' याचा अर्थ 'अगदी थोडे' नसून 'बरेच' असा आहे, आणि तिथे तर्क चालत नाही, तो लक्षातच ठेवावा लागतो.

प्रश्न : मी अनुवादक आहे. 'आय डाउट दॅट ही इज इल' याचे 'तो आजारी असल्याचा मला संशय आहे' असे भाषांतर मी केले आणि संपादकांनी ते चुकीचे ठरवले. 'डाउट' म्हणजे संशय नव्हे काय?

उत्तर : संपादकांचे बरोबर आहे, पण आपली चूक शब्दाची नाही, प्रत्ययाची आहे. 'आय डाउट' म्हणणाऱ्याचा कल नकाराकडे असतो : तो आजारी असेल असे मला वाटत नाही. ज्याचा कल होकाराकडे आहे तो 'आय सस्पेक्ट दॅट ही इज इल' म्हणेल : तो आजारी असावा असा मला संशय आहे. मराठीतील 'संशय' दोन्ही बाजूंना झुकतो, आणि कोणत्या बाजूला झुकला हे त्याला जोडलेल्या शब्दावरून कळते. 'त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल संशय आहे' म्हणजे तो प्रामाणिक नसावा, इथे 'डाउट'. 'त्यानेच चोरी केल्याचा संशय आहे' म्हणजे चोरी त्यानेच केली असावी, इथे 'सस्पेक्ट'. सर्वसाधारणपणे 'बद्दल' आला की नकार आणि 'चा' किंवा 'असा' आला की होकार. आपल्या वाक्यात 'तो आजारी असल्याबद्दल मला शंका आहे' असे असते तर ते कदाचित छापले गेले असते, तरी 'तो आजारी असेल असे मला वाटत नाही' हेच सर्वांत निर्मळ.

आपल्याला दिलासा वाटावा म्हणून नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून सांगतो की शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत 'डाउट' हा शब्द 'असे झाले असावे अशी भीती वाटते' या होकारी अर्थानेही वापरला जात असे. जुने साहित्य अनुवादित करताना हे ध्यानात ठेवावे लागते. मूळ लॅटिन शब्द 'दोन' या संख्येशी संबंधित आहे, आपला 'द्विधा' शब्द जसा आहे तसा. दोन शक्यतांमध्ये हेलकावणारे मन कोणत्या काठाला लागेल हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवले. 'शंका विचारणे' या अर्थी मात्र 'आय हॅव अ डाउट' लिहू नये. मराठीत शंका म्हणजे प्रश्नही असतो, पण इंग्रजीत तिथे 'क्वेश्चन' हाच शब्द हवा, नाही तर समोरच्या माणसाला आपला त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असे वाटेल.

प्रश्न : 'लेस दॅन टेन बुक्स' हे व्याकरणदृष्ट्या चूक आहे का? मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्युअर'च लावावा, असा नियम आम्हाला शिकवला गेला.

उत्तर : नियम असाच आहे आणि औपचारिक लेखनात तो पाळावा, असे माझेही मत आहे. मात्र तो भाषेच्या स्वभावातून आलेला नाही, हे जाणून घ्यावे. नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या गद्यातच 'लेस' मोजता येणाऱ्या शब्दांबरोबर आलेला आहे. त्या काळची रचना 'शब्दांपैकी कमी' अशी षष्ठी विभक्तीची होती, आणि पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजून गेल्यावर नुसते 'कमी शब्द' उरले. 'फ्युअर' अधिक चांगला वाटतो, असे रॉबर्ट बेकर या लेखकाने १७७० मध्ये आपली आवड म्हणून लिहिले. त्या आवडीचा पुढे नियम झाला. उलट दिशेचा शब्द पाहा : 'मोअर वॉटर' आणि 'मोअर बुक्स' दोन्हीकडे 'मोअर'च, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. मराठीतही 'कमी पाणी' आणि 'कमी पुस्तके' म्हणताना आपल्याला दोन शब्दांची गरज वाटत नाही.

नियम पाळताना अतिरेक मात्र होऊ नये. अंतर, वेळ, रक्कम आणि वजन यांत आकडा असला तरी एकूण परिमाण मनात असते, म्हणून 'लेस दॅन टेन माइल्स', 'लेस दॅन थ्री अवर्स' हेच बरोबर. तिथे 'फ्युअर' घालणारा नियमापेक्षा जास्त नियम पाळतो.

प्रश्न : 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांपैकी 'रस नसलेला' कोणता?

उत्तर : 'अनइंटरेस्टेड'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा त्यात हितसंबंध नाही असा, म्हणून निःपक्षपाती. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असलाच पाहिजे आणि 'अनइंटरेस्टेड' असता कामा नये. त्याला खटल्यात पुरेपूर लक्ष हवे, पण कोण जिंकतो यात स्वतःचा लाभ नको. इंग्रजीत 'इंटरेस्ट' हा एकच शब्द रस आणि हितसंबंध अशा दोन्ही अर्थांनी वापरतात, म्हणून त्याचा अभाव दाखवायला दोन उपसर्ग लागले. मराठीत ते दोन शब्द मुळातच वेगळे आहेत, त्यामुळे आपण नशीबवान आहोत. सतराव्या शतकात या दोन इंग्रजी शब्दांचे अर्थ आजच्यापेक्षा जवळजवळ उलटे होते आणि आजही 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थी अनेक जण वापरतात. तरी मी त्या वापराला विरोध करीन. 'रस नसलेला' या अर्थाचे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. 'ज्याला यातून काही मिळवायचे नाही' असा अर्थ एका शब्दात सांगणारे शब्द फार थोडे आहेत, आणि असा एखादा शब्द बोथट झाला की त्याने दाखवायचा गुणही बोलण्यातून मागे पडतो. मराठीत प्रसंगानुसार 'निःस्वार्थ', 'तटस्थ' किंवा 'निःपक्षपाती' वापरावे; 'उदासीन' कधीही वापरू नये.

प्रश्न : 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल', तसेच 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' यांत काय फरक आहे?

उत्तर : इतिहासात नोंद व्हावी इतके महत्त्वाचे ते 'हिस्टॉरिक', इतिहासाशी संबंधित, मग ते कितीही सामान्य असो, ते 'हिस्टॉरिकल'. जुन्या दप्तरातील धान्याची यादी 'हिस्टॉरिकल' असते, 'हिस्टॉरिक' नसते. मराठीतील 'ऐतिहासिक' दोन्हीकडे वापरला जातो, म्हणून दुसऱ्या अर्थी 'इतिहासविषयक' किंवा 'इतिहासकालीन' लिहिणे बरे. 'इकॉनॉमिक' म्हणजे आर्थिक आणि 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा. इथे मराठीने आधीच दोन शब्द दिले आहेत.

प्रश्न : 'शेड' आणि 'शॅडो' दोन्ही म्हणजे सावलीच ना?

उत्तर : सावलीच, आणि हे दोन शब्द मुळात एकाच जुन्या इंग्रजी शब्दाची दोन विभक्तिरूपे आहेत, प्रथमेच्या रूपातून 'शेड' झाला आणि इतर विभक्तींच्या रूपातून 'शॅडो'. विभक्ती गेल्या, दोन रूपे उरली आणि त्यांनी कामे वाटून घेतली. आपण ज्या सावलीत बसतो ती 'शेड', आणि जी सावली जमिनीवर किंवा भिंतीवर पडते, जिला आकार असतो, ती 'शॅडो'. 'सावलीत' आणि 'सावली पडली' अशी मराठी वाक्ये मनात आणली की निवड होते. माणसाला 'शॅडो' असते, झाडाला दोन्ही असतात.

प्रश्न : ज्वलनशील द्रवाच्या डब्यावर कधी 'फ्लेमेबल' तर कधी 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. दुसऱ्याचा अर्थ 'न जळणारे' असा घ्यावा काय?

उत्तर : मुळीच नाही, आणि हा प्रश्न आपण विचारला हे फार चांगले झाले. या जोडीत अर्थाचा काहीही फरक नाही. दोन्ही म्हणजे सहज पेट घेणारे. 'इन' हा उपसर्ग लॅटिनमध्ये नकार दाखवतो तसाच 'आत, मध्ये' हा अर्थही दाखवतो, आणि 'इन्फ्लेमेबल' ज्या क्रियापदापासून आला त्यात तो दुसऱ्या अर्थाने आहे : ज्वाळेत नेणे, पेटवणे. जुना शब्द हाच आहे. पण 'इन' म्हणजे 'नाही' असे समजून कोणी डबा विस्तवाजवळ ठेवील, ही भीती खरी होती. म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या क्षेत्रातील लोकांनी 'फ्लेमेबल' या आखूड शब्दाचा पुरस्कार केला आणि सूचनाफलकांवर आता तोच बहुधा दिसतो. न पेटणाऱ्या वस्तूसाठी 'नॉनफ्लेमेबल' हा वेगळा शब्द आहे. आपण स्वतः सूचना लिहिणार असाल तर 'फ्लेमेबल' लिहावे आणि त्याखाली मराठीत 'सहज पेट घेणारे, विस्तवापासून दूर ठेवा' असे मोठ्या अक्षरांत लिहावे.